हौसानं उजेड आणला

राजा होता एक, आणि त्याला होती एक लेक. शेवंता तिचं नाव. पोर गुणाची, पण तिला उन्हाची बाधा होती. अंगावर ऊन पडलं की टरारून फोड यायचे. मग राजानं काय केलं, तिच्या महालाच्या सगळ्या खिडक्या बंद करून टाकल्या. पोर वाढली ती समईच्या उजेडात.

एकदा काय झालं, एक दासी बोलता बोलता म्हणाली, "जंगलात काय सुरेख उजेड पडलाय आज." झालं. शेवंतानं हट्टच धरला, मला तो उजेड बघायचाय. राजानं मोती दिले, बाहुल्या दिल्या. ती काही बधेना. ताट तसंच परत जाऊ लागलं. पोर सुकत चालली. राजाराणीच्या तोंडचं पाणी पळालं, बरं का.

त्याच गावात हौसा नावाची चितारीण होती. ती रंगीत खडू घरीच करायची. गेरू, हळद, नीळ वस्त्रगाळ करायची, पांढऱ्या मातीत मिसळून डिंकाच्या पाण्यात मळायची, नि कांड्या वळून सावलीत वाळवायची. खडू असे मऊ, की कागदावर ओढून बोटानं चोळला की रंग धुक्यासारखा पसरायचा.

हौसा राजाकडे आली नि म्हणाली, "महाराज, लेकीला जेवायला सांगा. जंगलातला उजेड मी घेऊन येते."

"आणि नाही आला तर?"

"येईल की. माझा हात मला ठाऊक आहे."

मग हौसा जंगलात गेली. उंबराखाली बसली. पानांतून ऊन झिरपत होतं. तिनं पिवळा खडू घेतला नि उजेड काढला. बघते तर काय, जणू कुणी हळद सांडलीय. तिनं कागद झटकला.

दुसऱ्या दिवशी पांढरा खडू घेतला. हलक्या हातानं चोळला. तर उजेड दिसायला लागला राखेसारखा. हौसा हसली. म्हणाली, "असू दे. उद्या आहेच."

तिसऱ्या दिवशी ती नुसती बसून राहिली. इकडे बघ, तिकडे बघ. तेवढ्यात उजेडाचा एक कवडसा फांदीवरून उतरला, कागदावर आला नि चक्क बोलला, "बाई गं, तू सगळा कागद भरून टाकतेस. मग मी बसू कुठं?"

हौसाला उमगलं. मग तिनं उजेड काढलाच नाही. सावल्या काढल्या. खोडांमागची जांभळी सावली, नेच्याखालची हिरवी, ओढ्याकाठची निळी. सगळ्या बोटानं मऊ केल्या, नि मधे मधे कोरा कागद तसाच ठेवला. मग कवडसा आला, ऐसपैस बसला, नि त्यानं आपली सगळी भावंडं बोलावली. चित्र लखलखायला लागलं.

खडूचं चित्र ते, जरा धक्का लागला तर पुसायचं. हौसानं ते दोन्ही हातांवर आडवं धरून नेलं. वाटेत कुणाला शिंकूसुद्धा दिलं नाही.

महालात तिनं चित्र उभं केलं. भिंतींवर पानांच्या सावल्या डोलायला लागल्या. उजेड शेवंताच्या हातावर पडला. तिनं घाबरून डोळे मिटले. आता पोळणार, आता पोळणार. पण पोळलं नाही.

"हौसामावशी, हा तर कोमट आहे," ती म्हणाली. आणि म्हणाली, "मला भूक लागलीय."

मग ती रोज त्या उजेडात बसायला लागली. आधी हात धरायची, मग तोंड, मग पाठ करून बसायची. हळूहळू तिच्या अंगाला उजेडाची सवय झाली. आणि एका सकाळी हौसामावशीचं बोट धरून शेवंता जंगलात गेली. उंबराखाली उभी राहिली. खरं ऊन अंगावर घेतलं. एकही फोड आला नाही. राणी रडली, राजा हसला, आणि महालाच्या खिडक्या उघडल्या त्या कायमच्या.

शेवंता सुखात राहिली, हौसाही राहिली. आता तुम्हीही डोळे मिटा बघू. झोपा, बाळांनो.