मृदंगाच्या कणकेची काथवट

पाहुणे, विश्वास कोणावर ठेवावा? माणसाच्या जिभेवर, तराजूच्या काट्यावर, की आपल्या कानावर? उत्तराची घाई नको. आधी सभामंडपातली ही दगडी काथवट बघा. हिच्यात भाकरीचे पीठ नव्हे, मृदंगाची कणिक मळतात.

मृदंगाच्या उजव्या तोंडाला काळी शाई असते, ती कायमची. डाव्याला मात्र ओल्या कणकेचा गोळा रोज ताजा थापावा लागतो. त्या वजनाने आवाज खाली उतरतो आणि घुमतो. असे सांगतात, की धाकू गुरवाने डाव्यावर थाप दिली की समोरचा कडा हुंकार द्यायचा. तो आला, की मगच पालखी उठायची.

देवळाचा शिधा सखोबाशेट वाण्याकडून यायचा. गहू घाटावरून बैलांच्या पाठीवर येई, महाग पडे, तांदूळ दारचा. एका साली शेटने गव्हाच्या पिठात निम्मे तांदळाचे मिसळले. कोण बघतो?

उत्सवाच्या सकाळी धाकूने कणिक थापली. दोन थापांत भेगा पडल्या, तिसरीला गोळा निखळून खाली. पुन्हा मळली, पुन्हा तेच. उघडे कातडे रिकाम्या सुपासारखे वाजले. कडा गप्प.

"धाकूआबा, हात म्हातारा झाला तुमचा!" कुणीतरी हसले.

"हात नव्हे रे, देवच रुसला." धाकूने मृदंग खांद्याला लावला. "आता हा देवळाच्या तळीत सोडतो, नि मी गाव सोडतो."

सखोबाशेट खांबाला टेकून उभा होता. तांदळाच्या पिठाला चिकटा नसतो, हे भाकऱ्या थापणाऱ्या बायकोच्या हाताखाली त्याने जन्मभर पाहिले होते. गप्प राहिला असता तर अब्रू शाबूत होती. पण याच मृदंगाच्या आवाजाने त्याचा रोजचा दिवस उजाडायचा. धाकू तळीची पहिली पायरी उतरला, तेव्हा म्हणे शेटच्या तोंडून निघालेच, "आबा, थांबा. हात तुमचा खरा आहे. पीठ माझं खोटं आहे."

धाकू पायरीवरून मागे वळला. मग म्हणाला, "उभा काय राहतोस? घरचं आण. आणि मळायला तूच बस."

शेटने पागोटे उतरवले आणि सगळ्यांदेखत याच दगडात निव्वळ गव्हाचे पीठ मळले. गोळा बसला, थाप पडली, आणि कडा असा हुंकारला की तळीतले पाणी शहारले.

आजही उत्सवाच्या सकाळी गावचा वाणीच बोडक्या डोक्याने इथे कणिक मळतो, आणि हुंकार येईपर्यंत बाजारातली एकही हिशेबाची वही उघडत नाही. यंदा पाळी आमच्या दुकानाची होती. थाप पडेस्तोवर माझाही जीव खालीवर होत होता, खोटे कशाला सांगू? तुम्हीही दुकान चालवत असाल, नाहीतर घर. हात जोडून एवढेच मागणे, हिशेब खरा ठेवा.