ठकाआत्याची गंजी

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरमाथ्यावरच्या कुसळवाडीत माणसांपेक्षा गुरं जास्त होती आणि गुरांपेक्षा काळजी जास्त होती. साऱ्या गावाची गवताची गंजी एकच. दसऱ्यानंतर गवत कापायचं, माळावर पसरून वाळवायचं, पेंढ्या बांधून गंजी रचायची आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत गुरं तिच्यावर जगवायची. पण ओलं गवत गंजीत गेलं की आतल्या आत तापतं आणि कुणी काडी न लावताही पेटतं. म्हणून ‘बांधा’ म्हणायचा मान ठकाआत्याचा होता. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली ही बाई सगळ्या गावाची आत्या. ती गवताचं पेर दाताखाली धरायची. कट्‌कन मोडलं तर वाळलं, चिवट लागलं तर ओलं. पातं हाताला कोरडं लागतं, पण पेरात पाणी लपून बसतं, असं ती सांगायची.

एका वर्षी तिचाच अंदाज चुकला. करंजाच्या सावलीतलं गवत चावून बघायचं राहिलं. आठव्या दिवशी गंजी धुमसली आणि संध्याकाळपर्यंत राख झाली. गुरं घाट उतरून चारायला न्यावी लागली, त्यातली निम्मी परत आली नाहीत. पुढची दोन वर्षं आत्या एका पेराऐवजी शंभर पेरं चावायची.

तिसऱ्या वर्षी गवत कापून पडलं आणि आभाळ भरून आलं. रायाजी पाटील माळावर धावत आला.

“आत्या, ढग डोक्यावर आलं. आता बांधू दे.”

“पेर चिवट हाय अजून.”

“आन् भिजलं म्हंजी गं?”

“भिजलं तर पुन्यांदा वाळंल, रायाजी. जळलं तर न्हाई वाळायचं.”

ती तीन दिवस माळावर फिरली. गवत उलटं करी, पेर चावी, थुंकी, पुढं जाई. कुसळांनी तिचं तोंड रक्ताळलं. ढग कड्याशी येऊन थबकले, दाराशी उभ्या राहिलेल्या गाईसारखे, असं म्हणतात. तिसऱ्या दुपारी करंजाखालचं पेर मोडलं. तो आवाज गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला, असंही म्हणतात.

आत्या म्हणाली, “बांधा.”

लेकुरवाळ्या बायासुद्धा पेंढ्या बांधायला धावल्या. शेवटची पेंढी रचली आणि पाऊस कोसळला. पाणी गंजीच्या उतारावरून ओघळून गेलं, आत थेंब शिरला नाही. पण आत्याचा जीव भांड्यात पडेना. ती गंजीवर चढली, खांद्यापर्यंत हात आत खुपसला आणि म्हणाली, “निवल्याबिगर मी उतरायची न्हाई. पेटली तर मला धरूनच पेटंल.”

बारा दिवस ती वर बसली. नवव्या दिवशी गंजीतून वाफ निघाली. माणसं गंजी उपसायला कोयते घेऊन धावली. आत्यानं हात आणखी खोल खुपसून पाहिला आणि म्हणाली, “अंगाइतकीच ऊन हाय. थांबा.” बाराव्या दिवशी गंजी निवली. तिचा तो हात मात्र जन्मभर ऊनच राहिला. थंडीत जन्मलेली वासरं त्या हाताच्या उबेनं उठून उभी राहत, असं म्हणतात.

खाली उतरल्यावर पाटलानं विचारलं, “आत्या, तुला काय देऊ?”

ती म्हणाली, “माज्या दारी पानी प्यायला या. गंजी जळल्यापास्नं कुनी आलं न्हाई.”

सगळ्यांच्या माना खाली गेल्या, कारण ते खरं होतं.

आता कुसळवाडीत गवताच्या गासड्या बांधायचं यंत्र येतं. तरी गावातली एक जाणती बाई पेर चावून ‘बांधा’ म्हणेपर्यंत ते चालू होत नाही. आणि तिनं तसं म्हटलं की त्याच दिवशी गाव तिच्या दारी जाऊन पाणी पितं. गवत निवणार की पेटणार, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं.