रिकामी खाच

वस्तूंचं बोलणं माणसांना ऐकू यायचं, तेव्हाची ही गोष्ट. दुकानात एकाच किमतीचे दोन गेमिंग लॅपटॉप होते आणि शर्वरीला त्यातला एकच घ्यायचा होता.

“मलाच घे,” पहिला म्हणाला. “माझी रॅम, म्हणजे स्मरणशक्ती, त्याच्या दुप्पट, शिवाय कीबोर्डवर सात रंगांचे दिवे!” शर्वरीचा हात त्याच्याकडे गेला.

तिच्या पिशवीतला जुना लॅपटॉप कासावीस झाला. त्याची बॅटरी दोन टक्क्यांवर आली होती. “थांब गं! दिव्यांना भुलूनच तू मला घेतलंस आणि नवे गेम मला पेलले नाहीत. त्याला विचार, तुझ्यातलं नंतर काय बदलता येणार नाही?”

पहिल्याचे दिवे मंदावले. “ग्राफिक्स चिप,” तो पुटपुटला. “गेमची चित्रं तीच पळवते आणि ती कायमची जोडलेली असते. माझी जरा कमजोर आहे.”

“माझी दणकट आहे,” दुसरा हळूच म्हणाला. “रॅम कमी आहे, पण तिच्या शेजारची खाच रिकामी आहे, नंतर आणखी बसवता येईल.”

शर्वरीने दुसरा उचलला आणि हसत पिशवीत पाहिलं. जुन्याचा पडदा काळा पडला होता.

जुन्याची रॅम नेमकी नव्याच्या खाचेच्या मापाची निघाली. दुकानदाराने ती अलगद काढून रिकाम्या खाचेत बसवली. नवा लॅपटॉप सुरू झाला आणि तिने नाव सांगण्याआधीच म्हणाला, “शर्वरी, चल, खेळूया.”