तांदळाच्या डब्यातला पहारेकरी

एकदा एक वृद्ध गुरुजी आपल्या शिष्याच्या मोटारहोममधून प्रवासाला निघाले. चाकांवरचे छोटे घरच ते : शेगडी, हीटर, पलंग. सोबत शिष्याची पत्नी केतकी आणि तान्ही रेवा. भिंतीवर एक यंत्र होते. अर्धवट जळलेल्या इंधनातून निघणाऱ्या, वास नसलेल्या विषारी वायूची चाहूल लागताच ते किंचाळत असे.

घाटमाथ्यावर, एका धाब्यामागे वीज जोडून मुक्काम पडला. संध्याकाळी रेवाचा डोळा लागतो न लागतो तोच यंत्र किंचाळले. शेगडी बंद होती, हीटरही बंदच होता. सारे बाहेर कुडकुडून परतले, तर पुन्हा तेच.

“खोटारडं मेलं!” केतकीने ते काढून टॉवेलात गुंडाळले आणि तांदळाच्या डब्यात कोंबून झाकण लावले.

“आता बोंबल म्हणावं!” शिष्य हसला. “हीटर पेटवतो, गुरुजी. पोर गारठलीय.”

गुरुजींनी रेवाला शालीत घेतले आणि ते बाहेर दगडावर जाऊन बसले.

“अहो, सर्दी होईल तिला!” केतकी म्हणाली.

“सर्दी बरी होते.”

“पण काहीच पेटलेलं नसताना वाजलं ते. म्हणजे खोटंच ना?” शिष्याने विचारले.

“म्हणूनच जास्त भीती वाटते. कारण कळेपर्यंत मी उठणार नाही. आणि तोवर काही पेटवू नकोस.”

शिष्य चरफडत आत गेला. खिडक्या उघडून त्याने यंत्र बाहेर काढले आणि ते हातात धरून कोपरान् कोपरा तपासला. रेवाच्या पलंगापाशी ते पुन्हा किंचाळले. फळी उचलली, तर खाली चार्जिंगला लावलेली बॅटरी तापून फुगली होती. नासक्या अंड्यासारखा वास येत होता. त्याने धाब्याकडची वीज तोडली.

बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. “वायू दुसराच होता, गुरुजी, बॅटरीतून निघालेला. पण ठिणगीने भडकणारा. मी हीटर पेटवणार होतो...”

“पहारेकऱ्याने चोराचं नाव चुकवलं,” गुरुजी म्हणाले, “पण घरात कुणी शिरलंय, हे खरंच सांगितलं. खरं की खोटं, हा वाद आपण बाहेर उभं राहून घालावा. मलाही सारखं वाटत होतं, उगाच पोरीला गारठवतोय का? तरी बसून राहिलो.”

पुढच्या गावी बॅटरी बदलली. यंत्र भिंतीवर परत लागले. एका सकाळी चहा उकळताना ते पुन्हा वाजले. केतकीने रेवाला उचलले, दार उघडले. शिष्याने शेगडी बंद केली आणि तोही बाहेर पडला.