कुलपातली कचरापेटी

फार पूर्वी माळावरच्या प्राण्यांच्या गावात एक कोल्हा सरपंच होता. त्याने चौकात नवीकोरी कचरापेटी बसवली, तिला हार घातला आणि लगेच कुलूप ठोकलं. "हत्तीसाहेब स्पर्धेच्या पाहणीला येईपर्यंत ही कुणी खराब करायची नाही!" असं त्याने बजावलं.

मग कचरा पेटीभोवतीच साचू लागला. एके दिवशी तिथली पिशवी घशात अडकून चंद्री शेळीचं करडू गुदमरलं. चंद्रीने ती दातांनी ओढून काढली, करडाला चाटून शांत केलं आणि शिंगांची धडक मारून पेटीचं कुलूप तोडलं. ते पाहून कोंबड्या, म्हशी, गाढवंही धावली. सगळ्यांनी ओला कचरा खड्ड्यात पुरला, सुका पेटीत भरला.

कोल्हा धापा टाकत आला. "चंद्रे, पेटीची पार वाट लावलीस!"

"पण सरपंच, गाव स्वच्छ झालं ना?"

"गावाचं काय घेऊन बसलीस? बक्षीस पेटीला मिळणार होतं!"