हिला कुठे टाकू?

एका सीमेवरच्या गावात एक मास्तर राहत होते. गावात मराठी चाले तशी कन्नडही चाले, आणि दोन्ही भाषांत अंबादास मास्तरांचं नाव आदरानेच घेतलं जाई. नोकरी संपली होती. बायको वारली होती. मुलगा श्रीपाद लांबच्या शहरात मोठा इंजिनिअर होता. घरात मास्तर एकटेच. सकाळी चहा केला की सवयीने दोन कप काढायचे, आणि एक परत फळीवर ठेवायचा.

वर्षभर त्या घराची कडी कुणी वाजवत नसे. दहावीचा निकाल लागला की मात्र ओट्यावर जत्रा भरे. आईबाप पोराला पुढे ढकलत आणि विचारत, "मास्तर, ह्याला कुठं टाकू?"

मास्तरांचा उलट प्रश्न एकच असे. "किती?"

ऐंशीच्या वर असले तर सायन्स. साठच्या वर कॉमर्स. त्याच्या खाली आर्ट्स. बाजारात कांदा निवडतात ना, मोठा इकडे, मध्यम तिकडे आणि गोल्टी कोपऱ्यात, अगदी तसं. पोराच्या तोंडाकडे बघायची गरजच पडत नसे. उत्तर पटकन मिळालं की लोकांना ते शहाणपणाचं वाटतं. इतक्या पटकन उत्तर देणाऱ्याने विचार कधी केला, हे कुणी विचारत नाही!

निवडलेली पोरं गावाबाहेर जात. कुणी डॉक्टर झालं, कुणी बँकेत लागलं. कुणी दोनदा नापास होऊन परत आलं आणि मास्तरांची गल्ली टाळून जाऊ लागलं. एकजणही पुन्हा ओट्यावर आला नाही. मास्तर स्वतःची समजूत घालत, "मोठी झाली पोरं. वेळ नसेल त्यांना."

एका वर्षी दिगंबर कासार आपल्या मुलीला घेऊन आला. बाजारपेठेत त्याचं भांड्यांचं दुकान होतं. मुलीचं नाव अबोली. गावात पहिली आली होती. दिगंबरच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"मास्तर, ब्याण्णव! हिला सायन्सलाच टाकायची ना? थोरल्या भावाची पोरगी डॉक्टर झाली. आता आमच्याही दारावर पाटी लागू दे की."

"त्यात विचारायचं काय? टाका."

ओट्यावरच्या सगळ्या माना डोलल्या. तेवढ्यात बापाच्या पाठीमागून अबोली बोलली.

"मास्तर, एक विचारू? कन्नडात शाळेत घालायला 'हाकु' म्हणतात आणि सोडून द्यायला 'बिडु'. आपल्याकडे दोन्हीला टाकणंच. आमच्या गल्लीतल्या सुंदराबाईलासुद्धा नवऱ्यानं टाकलीय. मला टाकताय ते यातलं कुठलं?"

ओटा खदखदून हसला. एक म्हातारा म्हणाला, "दिगंबर, नाव अबोली ठेवलंस आणि जीभ बघ! हिला वकील कर, वकील!"

दिगंबरचा चेहरा पडला. "गप बस. मास्तरांपुढं जीभ चालवतेस?"

"मला कुणी विचारलंच नाही, अण्णा."

"तुला काय विचारायचं? तुला काय कळतंय?"

मास्तर म्हणाले, "चला, पुढचा कोण?"

लोक हसत राहिले. ती एकटी हसली नाही. त्याच आठवड्यात तिला शहरातल्या वसतिगृहात पोचवायचं ठरलं होतं. दुकानातलीच एक नवी पत्र्याची ट्रंक बापाने तिच्यासाठी बाजूला काढली होती. ती ट्रंक एकदा गाडीच्या टपावर चढली की बोलणं संपलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी मास्तरांनी मुलाला फोन लावला. एरवी त्यांचं बोलणं ठरलेलं असे. जेवलास का? जेवलो. तब्येत? बरी आहे. बरं, ठेवतो. त्या दिवशी मात्र सांगायला एक गंमत होती, म्हणून मास्तर खुशीत होते. अबोलीचं बोलणं त्यांनी नक्कल करून सांगितलं.

पलीकडून हसू आलं नाही.

"श्रीपाद? आहेस ना?"

"आहे. बाबा, मलाही तुम्ही टाकलंच होतं."

"अरे, चांगल्या ठिकाणी टाकलं! गाडी आहे, फ्लॅट आहे. काय कमी आहे तुला?"

"काहीच कमी नाही."

"मग? तुला काय व्हायचं होतं?"

श्रीपाद आठवून बघू लागला. मग म्हणाला, "आता आठवत नाही, बाबा."

तो रागावला असता तर मास्तरांना परवडलं असतं. भांडला असता तर त्यांनीही दोन शब्द सुनावले असते. पण तो खरंच आठवून बघत होता आणि त्याला सापडत नव्हतं. फोन ठेवल्यावर मास्तर दिवा न लावता बसून राहिले. सगळ्या गावाच्या मुलांना वाट दाखवणाऱ्या माणसाला आपल्या एकुलत्या एक मुलाला काय हवं होतं ते माहीत नव्हतं. आणि आता ते मुलालाही माहीत नव्हतं. मग विचारायचं कुणाला?

दुसऱ्या दिवशी बाजार होता. कुणाच्या दारी न जाणारे मास्तर दिगंबरच्या दुकानाकडे निघाले. दुकानासमोर भांडण पेटलं होतं. शेजारच्या पथारीवर नगरकडचा एक चादरवाला नव्यानेच आला होता. तो एका कानडी बाईच्या अंगावर ओरडत होता.

"चादर दाखवतोय तर मला येडा म्हणते! दोनदा म्हणाली, येडा, येडा!"

बाईला त्याचं एक अक्षर कळत नव्हतं. तीही तिच्या भाषेत तितक्याच जोरात उत्तर देत होती. अबोली दुकानाची पायरी उतरून दोघांच्या मधे उभी राहिली. आधी बाईशी कन्नडात बोलली, मग चादरवाल्याकडे वळली.

"मामा, ती येडा नाही म्हणाली. 'ब्याड' म्हणाली. म्हणजे नको."

"मग नको म्हणायचं की सरळ!"

"सरळच म्हणाली. तिच्या बाजूनं सरळ."

अबोलीने ते बाईला समजावलं. बाई पदर तोंडाला लावून हसली. चादरवाला आधी ओशाळला, मग तोही हसला, आणि हसत हसत "ब्याड, ब्याड" म्हणून बघू लागला.

"कन्नड तुला कुणी शिकवली?" मास्तरांनी विचारलं.

"कुणी नाही. बाजारात बसून ऐकते." काल ओट्यावर जो चेहरा उतरलेला होता तो आता खुलला होता. "मास्तर, पलीकडच्या गावाची कन्नड आणि आपल्या बाजारातली कन्नड एक नाही, माहितीये? एकच शब्द चार कोसांवर गेला की वेगळा कपडा घालतो."

मास्तर दिगंबरला म्हणाले, "दिगंबर, काल मी उत्तर देऊन बसलो. विचारायचं राहूनच गेलं."

"आता काय विचारता, मास्तर? अख्ख्या गल्लीत पेढे वाटून झाले!"

"पेढे तुझे गोड आहेत. पण शिकायचंय हिला." मास्तर अबोलीकडे वळले. "तुला काय शिकायचंय, बाळ?"

"माहीत नाही."

"बघा!" दिगंबर म्हणाला. "म्हणूनच तर आपण ठरवायचं."

आदल्या दिवसापर्यंत मास्तरांनीही हेच म्हटलं असतं. पण आता ते पायरीवर बसले आणि गप्प राहिले. आयुष्यभर पोरांना 'लवकर सांग, लवकर सांग' म्हणणारा हा माणूस. त्याला थांबणं फार जड गेलं. गिऱ्हाइकं आली, घागर घासाघीस करून घेऊन गेली. अबोली तपेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग हळूच बोलली.

"मला शब्द आवडतात. कुठून येतात, कुठं जातात, कसे बदलतात. असलं कुठं शिकवतात की नाही, तेच मला माहीत नाही."

"शिकवतात. भाषा शिकवतात, भाषेचं शास्त्र शिकवतात. सुरुवात आर्ट्सला करावी लागेल."

आर्ट्स हा शब्द ऐकून दिगंबरच्या हातातलं झाकण खाली पडलं. फरशीवर गरगर फिरत राहिलं.

"ब्याण्णववाली पोरगी आर्ट्सला? लोक म्हणतील, पोरीत काहीतरी खोट आहे. नापासांच्या बाकावर बसवू हिला?"

"तो बाक नापासांचा मीच केला, दिगंबर. इतकी वर्षं बसून."

दिगंबरने झाकण उचलून जागेवर ठेवलं. मग त्याने खरी भीती बोलून दाखवली. वाईट बाप नव्हता तो. घाबरलेला बाप होता. "आणि उद्या हिचं काही झालं नाही तर?"

"पुढं काय काय करता येतं ते मी हिच्याबरोबर बसून शोधतो. भाषांतर आहे, शिकवणं आहे, कोर्टकचेरीतला दुभाषा आहे. आणखीही असेल, मला तरी सगळं कुठं माहीत आहे? नाही जमलं तर वाट बदलू. आणि अगदीच बिघडलं तर पारावर उभा राहा आणि सांग, अंबादास मास्तरानं माझ्या पोरीचं वाटोळं केलं. मी मान खाली घालून ऐकेन."

दिगंबर मुलीकडे वळला. निकाल लागल्यापासून त्याने तिला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं.

"खरंच हेच पाहिजे तुला?"

"हो, अण्णा."

"एकटी पडशील."

"माहीत आहे."

त्याने ट्रंक उचलली आणि विकायच्या ट्रंकांमध्ये परत ठेवून दिली. तिच्याशी तो त्या दिवशी आणखी एक शब्दही बोलला नाही. पण ट्रंक ठेवली, हे खरं.

आता कुणाला वाटेल, इथून पुढे सगळं गोड झालं. तसं काही झालं नाही. गाव मास्तरांना हसलं. "काल एक सांगतो, आज दुसरं. हा कसला मास्तर? म्हातारपणी डोकं फिरलं." पुढच्या वर्षी निकाल लागला. मास्तरांनी ओटा झाडला, चटई टाकली. दोनचार आईबाप आले. मास्तर म्हणाले, "तुम्ही जरा गप्प बसा, पोराला बोलू द्या." आईबाप उठले आणि चपला घालून निघून गेले. तालुक्याला एक क्लासवाला बसला होता. तो "किती" एवढंसुद्धा न विचारता उत्तर देत असे. गर्दी तिकडे गेली.

अबोलीचंही तेच. मैत्रिणी शहराला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. तालुक्याच्या कॉलेजातल्या वर्गात पोरी तिच्यापासून लांब बसत. "एवढी हुशार आणि इथं कशाला आली? आम्हाला मिरवून दाखवायला?" नातेवाईक तिच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसे हळू आवाजात बोलत. तिची डॉक्टर चुलतबहीण आली की बाप तिला नव्या ताटात वाढे आणि अबोलीकडे बघायचं टाळे.

एका दुपारी ती मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसली. आतापर्यंत ती यायची ती पुस्तकांसाठी, पुढच्या कोर्सची माहिती शोधण्यासाठी. त्या दिवशी नुसतीच आली.

"मास्तर, सुट्टीत डबा मी एकटीच खाते."

मास्तरांनी तिची समजूत काढली नाही. खोटं बोलायची वेळ निघून गेली होती. त्यांनी विचारलं, "वाईट वाटतं?"

"सुट्टीत वाटतं. घरी वाटतं. एस.टी.त तर फार वाटतं."

"आणि तासाला?"

ती विचार करू लागली. मास्तर थांबले. आता त्यांना थांबायला जमू लागलं होतं.

"तासाला?" ती म्हणाली. "तासाला घंटा कधी होते तेच कळत नाही, मास्तर. मॅडम पुस्तक मिटतात तेव्हा राग येतो."

 मास्तरांनी किती मुलांना कुठे कुठे पाठवलं होतं. असं कुणीच त्यांना कधी येऊन सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, हे आत्ता कुणीतरी ऐकायला हवं. एखादा तरी बाप. एखादी तरी आई. त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

गल्लीत कुणी नव्हतं. बाकीची चटई रिकामी होती. मुलगी मात्र बोलत होती, आणि ऐकायला ते एकटेच होते.

तात्पर्य: मुलाचे टक्के सगळं गाव विचारतं, मुलाला काय हवं ते एकाने तरी विचारावं आणि उत्तर येईपर्यंत तोंड मिटून बसावं. आपण निवडलेल्या वाटेवर माणूस एकटा पडू शकतो, पण न विचारता ढकललेल्या माणसाला स्वतःचीसुद्धा सोबत उरत नाही.