म्हाळसानं ठेवलेलं नाव

"मंग ताईत देणार का न्हाई, बाबा?"

दगडू व्हनमानेनं परत इचारलं. आवाज चढवून.

लाडले फकीर शेळीच्या पायात गुतलेली दोरी सोडवत व्हता.

दगडू बकऱ्यांच्या बाजारातला दलाल. ह्या टोकाला भाव बोलला की त्या टोकाचं गिऱ्हाईक वळून बघायचं. त्या आवाजाची त्याला लई घमेंड. आन पोरगी झाली ती बहिरी.

ती म्हाळसा फकिराच्या खोपटाच्या दारातच उभी व्हती. बापापासनं लांब. सात वर्साची आसंल. मूठ आवळलेली, आन मुठीत कानातलं मशीन.

"डाक्टरनं मशीन दिलंय," दगडू म्हणला. "आईजवळ दिवसभर घालती. मी घरात पाऊल टाकलं की उपसून काढती आन कडब्याआड जाऊन बसती. माझ्या हातचं खात न्हाई. पोटची पोर हाय बाबा... भूत बघितल्यावानी बघती माझ्याकडं."

"तू काय करतोस तिला?"

"मी? मी काय करणार! हात न्हाई उगारला कधी. शप्पत."

"बरं."

"बरं काय बरं! ताईत बांधा. जमत नसंल तर तसं सांगा, दुसरीकडं जातो."

"जा की."

दगडू गेला न्हाई.

फकीर उठला. पोरीम्होरं जाऊन उकिडवा बसला. झोळीतनं फुटाणे काढून तळहात पुढं केला. पोरीनं दोन उचलले.

मग त्यानं शेळीकडं बोट केलं आन भुवया उडवल्या.

पोरीनं डोक्यावर दोन बोटं धरली. शिंगं. हसली.

त्यानं सवताच्या छातीवर बोट ठेवलं.

पोरीनं हनुवटीखालनं लांब हात फिरवला. दाढी. फकीर बी हसला.

मग त्यानं दगडूकडं बोट केलं.

पोरीचं हसू गेलं. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. डोळं वटारलं. दात दिसंपर्यंत जबडा फाडला. आन झटदिशी दोन्ही हातांनी कान झाकून घेतलं.

...

"हे काय?" दगडू म्हणला.

"तुझं नाव. तिनं ठेवलेलं."

"अवो... मी तर जेवलीस का म्हणून इचारतो! ऐकू जावं म्हणून कानापाशी जाऊन जरा मोठ्यांदा... दुसरं काय बोलत न्हाई मी!" तो पोरीकडं वळला आन वरडला, "म्हाळसा! जेवलीस का म्हणतो गं मी! जेवलीस का!"

पोरीची पाठ चौकटीला टेकली.

"बघितलंस?" फकीर म्हणला.

दगडूनं सवताच्या तोंडावर हात दाबला. बाजारात कुणाच्या बापाला भ्यायचा न्हाई असला गडी, पटक्याच्या सोग्यानं डोळं पुसाय लागला.

"दुसरं नाव ठिवाय सांगा तिला, बाबा."

"मी कोण सांगणारा?"

फकीरनं उरलेले फुटाणे दगडूच्या हातावर वतले. "बस खाली."

दगडू बसला. तोंड मिटलं. फुटाण्याचा हात म्होरं केला. दुसऱ्या हाताची बोटं जुळवून ओठाला लावली.

जेवलीस का...

म्हाळसा बघत राहिली. चौकटीपासनं पाठ सुटली. एक पाऊल म्होरं आली...

थांबली. मशीन मुठीतच.

"का थांबली?" दगडू हळू म्हणला. त्याला हळू बोलता येतंय हे गावात कुणाला ठावं नव्हतं. "तोंड तर मिटलंय की मी..."

"तोंड मिटलंय," फकीर म्हणला. "कपाळ अजून वरडतंय."